आधी पांढरी की आधी काळी? भटका माणूस एका जागी का थांबला

रेवाकाठ (इंदूर)

जुन्या महसुली कागदांत मराठी गावाचे दोन भाग असत. नांगरटीची जमीन ती काळी आणि माणसांच्या राहण्याची जागा ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेणामातीचे सारवण आणि पडक्या भिंतींची माती एकाच ठिकाणी साचत गेली की त्या जागेचा रंगच बदलतो, आणि म्हणून पुरातत्त्वाचे अभ्यासक आजही जुन्या वस्तीच्या उंचवट्याला पांढरीचे टेकाड म्हणतात. गेल्या महिन्यात इंदूरहून आम्ही काही जण महेश्वरला गेलो होतो. घाटावरून नावेने नर्मदा ओलांडून नावडाटोलीच्या बाजूला उतरल्यावर हा शब्द मला अनेक वर्षांनी आठवला आणि त्याबरोबर एक प्रश्नही मनात आला. माणसाने आधी काळी कसली की आधी पांढरी वसवली?

नावडाटोलीचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात झाले. इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकातील या वस्तीत लाकडी खांब रोवून आणि कुडाला माती लिंपून उभारलेली गोल व चौकोनी घरे होती, आणि ती त्याच जागी पुन्हापुन्हा बांधली गेली. सर्वांत खालच्या थरांत जळालेला गहू मिळाला, तांदूळ त्यानंतरच्या थरांत आला. म्हणजे हे लोक तेथे आले तेव्हाच शेती जाणणारे होते, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर नावडाटोलीत मिळणार नव्हते. ते शोधण्यासाठी त्याहून पुष्कळ मागे जावे लागते.

शाळेत आपण सर्वांनी एक ठरलेला क्रम पाठ केला आहे. माणूस शिकार करीत भटकत होता, मग त्याला शेतीचा शोध लागला, पिकाची राखण करण्यासाठी तो थांबला आणि गाव वसले. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३० च्या दशकात नवाश्मयुगीन क्रांती, म्हणजे शेतीने माणसाचे सारे जीवन पालटले, ही कल्पना रूढ केली, तेव्हापासून हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो तपासावा असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतचा, आजच्या इस्रायल, पॅलेस्टाइन, जॉर्डन आणि सीरियाचा प्रदेश पाहिला तर हा क्रम चक्क उलटा लागतो. सुमारे १५,००० ते ११,५०० वर्षांपूर्वी तेथे राहणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला नातूफी संस्कृती म्हणतात. ऐन मल्लाहा येथे त्यांची दगडी भिंतींची, जमिनीत अर्धवट खोदून बसवलेली गोल घरे मिळाली आहेत, उचलून नेता येणार नाहीत अशी जड दगडी उखळे मिळाली आहेत आणि वस्तीतच पुरलेली त्यांची माणसे मिळाली आहेत. मात्र हे लोक काही पेरत नव्हते. ते हरणांची शिकार करीत, रानटी गहू-जव गोळा करीत आणि तरीही घर बांधून राहत. पांढरी होती, काळी नव्हती.

मग त्यांना थांबवले कशाने? मला सर्वांत पटणारे कारण साठवणुकीचे आहे. जॅक हार्लन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तुर्कस्तानातील डोंगरउतारावर गारगोटीची पाती बसवलेल्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला. तासाभराच्या श्रमात सुमारे एक किलो स्वच्छ धान्य हाती येते असे त्याला आढळले, आणि त्यावरून त्याने हिशेब मांडला की एका कुटुंबाने पीक पिकण्याच्या तीन आठवड्यांत मनापासून काम केले तर वर्षभर खाऊन उरेल एवढे धान्य जमते. हा आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो. तीन आठवड्यांत वर्षाची बेगमी होत असेल तर पुढचा प्रश्न ते धान्य मिळवण्याचा उरत नाही, ते ठेवण्याचा उरतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो, आणि भटक्या कुटुंबाचा संसार खरोखरच पाठीवर मावेल एवढाच असतो. धान्याने भरलेले पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा, मात्र पाठीवर घेता येत नाही. ते सोडून गेले तर उंदीर आहेत, ओल आहे, दुसरी टोळी आहे. म्हणजे पेव राखायचे तर कोणीतरी जवळ राहिलेच पाहिजे. माझ्या मते पांढरीचा पहिला खुंट ठोकला गेला तो येथे, नांगराच्या कितीतरी आधी.

जाणकारांनी आपले मत अवश्य लिहावे. विशेषतः आपल्या भूमीवरचा पुरावा काय सांगतो ते वाचायला मला आवडेल.

विश्वामित्री (वडोदरा)

रेवाकाठ, धाग्याबद्दल मनापासून आभार. नावडाटोलीच्या उत्खननात आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचाही वाटा होता, याची येथे आवर्जून नोंद करतो. बी. सुब्बाराव हे त्या कामात सांकळियांचे सहकारी होते.

आपला तर्क पश्चिम आशियासाठी मला मान्य आहे, पण तो गुजरातला जसाच्या तसा लावता येत नाही. मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे वाळूच्या टेकडीवर मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीपूर्वीच्या दगडी हत्यारांच्या काळातील, शिकाऱ्यांची वस्ती सापडली. बारीक गारगोटीची हत्यारे, हरीण, नीलगाय आणि रानडुक्कर यांची हाडे, इतकेच नव्हे तर गेंड्याचे हाडही तेथे मिळाले. त्या कोरड्या मुलखात एकेकाळी गेंडा फिरत होता हे आज सांगून खरे वाटणार नाही. वस्तीतच हातपाय पोटाशी घेतलेल्या स्थितीत पुरलेली डझनाहून अधिक माणसेही मिळाली. म्हणजे मृतांना एका ठिकाणी पुरणारे, त्या ठिकाणी वारंवार परतणारे हे लोक होते, तरीही ते स्थायिक शेतकरी झाले नाहीत. याच स्थळी वरच्या थरात तांब्याची सुरीही मिळाली आहे. ती त्यांनी स्वतः घडवलेली नसणार, कुठल्या तरी गावकऱ्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून ती आली असणार.

राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात कोठारी नदीकाठी बागोर येथे वि. ना. मिश्र यांनी १९६७ ते १९७० या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे इ.स.पूर्व ५००० पासून लोक राहत होते, दगडी फरश्यांवर झोपड्या उभारत होते आणि शेळ्यामेंढ्या पाळत होते. पुढच्या टप्प्यात तेथे तांब्याची बाणाग्रे येतात आणि त्यांचा घाट हडप्पा संस्कृतीतील बाणाग्रांसारखा आहे. याचा अर्थ काय घ्यायचा? धोलावीरा आणि लोथल यांसारखी नगरे उभी असताना त्यांच्या आसपासच्या प्रदेशात शिकारी आणि पशुपालक आपल्या पद्धतीने जगत होते. त्यांना गाव माहीत होते. गावाशी त्यांची देवघेव होती. तरीही ते थांबले नाहीत, आणि हे अज्ञानामुळे घडले असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. म्हणून माणूस का थांबला या प्रश्नाबरोबर काही माणसे हजारो वर्षे का थांबली नाहीत हाही प्रश्न विचारला पाहिजे, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे.

मांडवगड

चर्चेत लोकसंख्या आणि हवामान या दोन कारणांचा उल्लेख अजून आलेला नाही. अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी १९६५ मध्ये असे मांडले की माणसे वाढली की त्यांना त्याच जमिनीतून अधिक काढावे लागते, आणि मार्क कोहेन यांनी १९७७ मध्ये हाच विचार शेतीच्या आरंभाला लावला. त्यात भर म्हणजे सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकाएकी थंड आणि कोरडा काळ परतला. रानटी धान्य विरळ झाले, शिकार घटली आणि माणसांना आहे ती जागा धरून बसावे लागले. थांबणे ही निवड नव्हती, नाइलाज होता असे माझे मत आहे.

रेवाकाठ (इंदूर)

मांडवगड, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु कालक्रम त्याच्या आड येतो. नातूफी लोकांची मोठी, भक्कम घरांची वस्ती त्या थंड काळाच्या आधीची आहे, म्हणजे हवा उबदार आणि पाऊस चांगला असतानाची. हवामान बिघडल्यावर त्यांच्यापैकी बरेच जण घट्ट बसून राहिले नाहीत, उलट वस्त्या लहान झाल्या आणि माणसे पुन्हा फिरू लागली. म्हणून मी थांबणे आणि पेरणे या दोन घटना वेगळ्या धरतो. थांबणे सुबत्तेतून आले. पेरण्याची वेळ पुढे टंचाईत आली असेल, कारण एकदा साठवलेल्या धान्याची सवय झालेल्या माणसांना ते कमी पडू लागल्यावर बी मातीत टाकून पाहण्यावाचून दुसरा मार्ग राहिला नसावा. तेही एका पिढीत झालेले नाही. कणीस पिकल्यावर दाणे आपोआप न सांडणारा, माणसाने कापेपर्यंत थांबणारा गहू सर्वत्र रूढ होण्यास हजारो वर्षे लागली.

विश्वामित्री, आपल्या प्रश्नाने मी अडलो आहे आणि त्यावर विचार करीत आहे.

कृष्णपुरा

मी निमाडच्या ग्रामीण भागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे आणि पुरातत्त्वाची अभ्यासक नाही, तरी या चर्चेत ज्या व्यक्तीचा उल्लेख आलेला नाही तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. ती म्हणजे मूल कडेवर घेऊन चालणारी बाई.

आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या कुंग लोकांचा अभ्यास रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात केला. भटकणाऱ्या कुंग स्त्रियांच्या दोन बाळंतपणांत साधारण चार वर्षांचे अंतर असे. मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत आईच त्याला उचलून नेते, अंगावर पाजते, आणि सतत चालणे व दीर्घकाळ पाजणे यांमुळे पुढची गर्भधारणा लांबते. एका वेळी दोन मुले उचलून, वर कंदमुळांचे ओझे घेऊन मैलोगणती चालणे शक्यच नाही. घर एका जागी आले की हे सर्व गणित बदलते. दळलेल्या धान्याची मऊ पेज तान्ह्या मुलाला लवकर देता येते, अंगावरचे दूध लवकर सुटते आणि दोन मुलांमधले अंतर कमी होते. मांडवगड यांनी लोकसंख्या वाढली म्हणून माणसे थांबली असे लिहिले आहे. माझ्या अनुभवावरून मला उलट वाटते: माणसे थांबली म्हणून घरात मुले वाढली, आणि चार लहान मुले असलेल्या घराला पुन्हा वाटेला लागणे अशक्य झाले. माझ्या दृष्टीने परतीची वाट बंद झाली ती येथे.

या थांबण्याची किंमतही बायकांनी दिली आहे आणि तिचा पुरावा हाडांत शिल्लक आहे. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचे स्थळ होते. धरणाच्या पाण्यात बुडण्यापूर्वी १९७२-७३ मध्ये ते घाईने खोदले गेले. नर्मदेकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती घाई वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तेथील सांगाडे थिया मॉलेसन यांनी तपासले, तेव्हा पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा आणि कंबरेचे मणके खराब झालेले आढळले, आणि त्यांतही स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. तासन्‌तास गुडघ्यांवर बसून, अंगठे जमिनीला रोवून, पुढेमागे झुकत दगडावर धान्य रगडण्याची ती खूण आहे. पाट्यावर वाटण वाटताना आजही बाई काहीशी तशीच पुढे झुकते. माझ्याकडे कंबरदुखी घेऊन येणाऱ्या कित्येक जणींना मी पाहिले आहे, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या त्या सांगाड्यांविषयी वाचताना मला त्या आठवल्या.

म्हणून थांबणे ही प्रगती होती की घसरण होती, असा सरसकट निवाडा करू नये अशी माझी विनंती आहे. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि बाळंतिणीला थांबलेल्या घराने आसरा दिला. त्याच घराने दळण दिले, किडलेले दात दिले आणि एकाच्या आजारात सगळ्या वस्तीला आजारी पाडले.

राजवाडा चौक

कृष्णपुराताई, आपला प्रतिसाद मी घरात सर्वांना वाचून दाखवला. माझा एक लहानसा प्रश्न आहे. तुर्कस्तानात गोबेकली टेपे येथे इ.स.पूर्व ९५०० च्या सुमाराचे प्रचंड दगडी खांब मिळाले आहेत आणि ते उभारणारे लोक शेती करीत नव्हते असे वाचले होते. देवस्थानासाठी एकत्र आले आणि मग तेथेच राहिले, असे घडले असेल का?

घोंगडी

मी धनगर कुटुंबातला आहे. आजोबा माण तालुक्यातून इंदूरला कापडगिरणीत कामाला आले आणि आम्ही येथलेच झालो, पण चुलत घराण्यातील काही जण आजही मेंढरे घेऊन फिरतात, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

प्रथम राजवाडा चौक यांच्या प्रश्नाविषयी. क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून गोबेकली टेपे खोदले. देऊळ आधी आणि गाव नंतर ही कल्पना त्यांच्यामुळे गाजली, पण पुढे तेथे राहत्या घरांचे अवशेषही मिळाल्याचे नंतरच्या उत्खननकर्त्यांनी सांगितले आहे. ते बाजूला ठेवले तरी मला हा तर्क पुरेसा वाटत नाही. आमची माणसे वर्षानुवर्षे जेजुरीला जातात, तेथे हजारोंनी जमतात, भंडारा उधळतात आणि पुन्हा आपल्या वाटेने जातात. देवाचे ठिकाण पक्के असले म्हणून माणसाचे ठिकाण पक्के होत नाही. उलट देव एका जागी असल्यामुळेच फिरणाऱ्या माणसांना एकमेकांना भेटण्याची जागा मिळते, सोयरिकी जुळतात, तंटे मिटतात आणि फिरणे चालू राहते.

आता विश्वामित्रींच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या चुलत्यांचे कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात आणि पावसाळ्यापूर्वी वर येत. कोकणचा पाऊस मेंढरांना मानवत नाही, खूर सडतात, आणि इकडे माणदेशात उन्हाळ्यात चारा नसतो. म्हणजे हे फिरणे दिशाहीन नव्हते, ऋतूंशी बांधलेले होते. भात काढल्यावर रिकाम्या खाचरात मेंढरे बसवायची, लेंडीचे खत शेताला मिळायचे आणि त्याबदल्यात शेतकरी भात द्यायचा. माळव्यातही हेच चालते. मारवाडचे राईका पशुपालक मेंढ्यांचे कळप घेऊन येतात आणि आपले शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात. अशी देवघेव असेल तर दोन्ही जीवनपद्धती एकमेकींच्या आधाराने हजारो वर्षे टिकतात. लांघणजला तांब्याची सुरी कशी पोहोचली असेल हे मला समजण्यास कठीण वाटत नाही. कातडे, मध, मांस किंवा लोकर देऊन ती घेतली असेल.

थांबणे कसे होते तेही मी जवळून पाहिले आहे. एके दिवशी सगळे कुटुंब ठरवून थांबत नाही. आधी म्हातारी माणसे गावात राहतात, कारण त्यांना घाट उतरवत नाही. त्यांच्यापाशी शाळेत जाणारी मुले राहतात. मग त्या मुलांसाठी एक सून राहते आणि तिच्यासाठी छप्पर पक्के केले जाते. उरलेले वाड्यावर जातात, आणि आमच्यात वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, मेंढरांसह पडलेला मुक्काम. काही वर्षांनी कोणी विहीर खोदतो, आणि एका वर्षी कळप विकला जातो. हा प्रवास आमच्या घरात तीन पिढ्या चालला आणि नेमका कोणत्या वर्षी आम्ही भटके राहिलो नाही हे आजोबांनाही सांगता येत नसे. पंधरा हजार वर्षांपूर्वीही असेच अर्धे घर थांबले असेल आणि अर्धे फिरत राहिले असेल असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे, ती म्हणजे ही वाट दोन्ही बाजूंनी चालली जाते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास तेथे पहिली वस्ती झाली ती आपल्या माळव्याच्याच संस्कृतीची, नावडाटोलीच्या नात्यातली. पुढे जोर्वे काळात, म्हणजे त्यानंतरच्या ताम्रपाषाण संस्कृतीच्या काळात, मोठी चौकोनी घरे, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट आणि पाच खोल्यांचे एक घर, जे गावप्रमुखाचे मानले जाते, असे भरलेले गाव झाले. मग इ.स.पूर्व १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती घटते, शिकार आणि पशुपालन वाढते, आणि इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. म. के. धवळीकर यांनी याचे कारण वाढता कोरडेपणा असे दिले, आणि त्या लोकांनी अर्धभटके जीवन पत्करले असे मत मांडले. माणदेशात वाढलेल्या माणसाला हे मत पटवून द्यावे लागत नाही. ज्या घराण्याने इंदूर नावारूपाला आणले ते होळकर घराणे नीरेकाठच्या होळ गावच्या धनगरांचे, आणि मेंढपाळ ते सत्ताधीश हा पल्ला एका पिढीत गाठला गेला. इनामगावच्या लोकांनी उलटा पल्ला गाठला. दोन्ही वेळा माणसे आपल्यासमोरची परिस्थिती पाहूनच वागली.

रेवाकाठ (इंदूर)

घोंगडी, आपण लिहिलेले अर्धे घर थांबण्याचे वर्णन वाचल्यावर मला माझ्या पहिल्या पोस्टमधील मांडणी सुधारावी लागेल. मी पेवाला एकट्याला फार महत्त्व दिले. पेव राखायला कोणीतरी लागते असे मी म्हणालो, पण ते कोण, हा विचार केला नव्हता. आपल्या आणि कृष्णपुराताईंच्या लिहिण्यावरून असे दिसते की पेवापाशी मागे राहिले असतील ते म्हातारे, बाळंतिणी आणि लहान मुले. धान्य आणि ही माणसे, दोन्ही न हलवता येणारी, एकमेकांच्या सोबतीने थांबली. इनामगावला लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून घराच्या जमिनीखाली पुरत असत. विश्वामित्री, लांघणजच्या लोकांनीही मृतांना वस्तीत पुरले, पण आपल्या मुलाला राहत्या घरातच, रोजच्या सारवणाखाली ठेवणाऱ्या आईला ते घर सोडणे किती अवघड झाले असेल याचा विचार मी करीत आहे. आणि तरी पुढे त्यांना ते गाव सोडावे लागले.

राजवाडा चौक

शेवटचा प्रश्न विचारतो. हे लोक वर्षभर तेथे राहत होते की दरवर्षी काही महिने येऊन जात होते, हे मातीतून कसे ओळखतात? घरे तर दोन्ही प्रकारच्या लोकांची असू शकतात.

विश्वामित्री (वडोदरा)

दोन पुरावे फार उपयोगी पडले आहेत. पहिला हरणांच्या दातांचा. दाताच्या मुळावर ऋतूनुसार थर चढतात आणि सर्वांत बाहेरचा थर पाहून ते जनावर साधारण कोणत्या ऋतूत मारले गेले हे कळते. नातूफी वस्त्यांत एकाहून अधिक ऋतूंत मारलेली हरणे मिळतात. दुसरा पुरावा उंदरांचा. घरात राहणारा उंदीर आणि रानात राहणारा त्याचा जवळचा भाऊबंद यांच्या दाढांच्या आकारात फरक असतो. माणसे वर्षभर एका जागी राहिली, धान्य सांडत राहिले, तर घरउंदीर रानउंदराला हुसकावून लावतो. माणसे दीर्घकाळ निघून जाऊ लागली तर रानउंदीर परत येतो. ऐन मल्लाहा आणि त्या प्रदेशातील इतर स्थळांवरच्या दाढा थरांनुसार तपासल्या, तेव्हा भक्कम घरांच्या काळात घरउंदीर भरपूर आढळला आणि त्यानंतरच्या, माणसे पुन्हा फिरू लागल्याच्या काळात तो घटून रानउंदीर परतलेला दिसला. रेवाकाठ यांनी ज्या उंदरांच्या भीतीने पेवाजवळ माणूस बसवला होता, तेच उंदीर त्या माणसाच्या मुक्कामाचे साक्षीदार ठरले आहेत.